परिशिष्ट चारमधलं नाव

फेब्रुवारी अर्धा सरला की नाशिकच्या हवेत द्राक्षं येतात. हातगाड्यांवर ती नंतर येतात, आधी हवेत येतात. द्वारकेच्या चौकात गाडी अडकली की डिझेलच्या धुरातूनही तो आंबटगोड वास काचेच्या फटीतून आत शिरतो. सिडकोतल्या घरी पोचेपर्यंत पप्पांनी किलोभर द्राक्षं आणून, मिठाच्या पाण्यात धुऊन, चाळणीत निथळत ठेवलेली असतात. मी खात नाही. दात आंबतात, असं त्यांना सांगून ठेवलं आहे. ते दर वर्षी आणतात आणि एकटेच खातात.

मी वकील आहे, पण कोर्टातली नव्हे. काळा कोट सनद घेताना घातला होता, त्यानंतर तो कपाटातच आहे. माझं काम कंपन्यांच्या खरेदी-विक्रीचं. एक कंपनी दुसरीला विकत घेते तेव्हा तिचा कागदन्‌कागद वाचायचा, कुठे काय दडलंय ते शोधायचं, आणि मग दोघांमधला करार लिहायचा. पप्पा अंबडच्या एका कारखान्यात तीस वर्षं टर्नर होते. त्यांना हे काम बरीच वर्षं पटत नव्हतं. "कोर्टात उभी राहत नाहीस, भांडत नाहीस, मग वकिली कसली?" एकदा मी त्यांना म्हटलं, "तुम्ही जॉब झाल्यावर मायक्रोमीटर लावून बघायचात ना? केसाएवढा फरक निघाला तरी माल परत. मी कागदाला तेच करते." तेव्हापासून ते शेजाऱ्यांना सांगतात, आमची पोरगी कंपन्यांचं माप घेते.

आठ वर्षांपूर्वीच्या हंगामात मी असंच एक माप घ्यायला विंचूरला गेले होते.

तेव्हा मी एकोणतीस वर्षांची होते. मुंबईच्या एका मोठ्या वकिली फर्ममध्ये सहा वर्षं काढली होती आणि तरी मीटिंगमध्ये माझ्याकडे कुणी बघून बोलत नसे. बरोबरीची मुलं परदेशातून शिकून आलेली. ती जेवताना जे विनोद करत, त्यांवर मी अर्धा सेकंद उशिरा हसायची. दारूच्या एका मोठ्या कंपनीला विंचूरच्या वाइन पार्कमधली एक छोटी वायनरी विकत घ्यायची होती, आणि तिचे निम्मे कागद मराठीत होते. म्हणून मला पाठवलं. माझ्या वरिष्ठ, मेनन मॅडम, निघताना एवढंच म्हणाल्या, "हे नीट कर, नाहीतर जन्मभर सातबारे वाचत बसशील." त्यात राग नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं.

वायनरी माधवराव निकमांची. सगळे त्यांना भाऊ म्हणत. साठी ओलांडलेले, उंच, वाकलेले, शर्टाच्या खिशात कायम एक काचेची नळी. शेती शिकलेला माणूस, पण वाइन करायला स्वतःच शिकला होता. आधी घरच्या ड्रममध्ये, मग शेडमध्ये. हंगाम ऐन भरात होता. सकाळी सातला ट्रॅक्टर येत, क्रेट उतरत, बायका सरकत्या पट्ट्याशी उभ्या राहून पानं आणि सडके मणी वेचत. रसावर मधमाश्या घोंगावत. जमीन चिकट, चपला उचलताना आवाज यायचा. टाक्यांतून आंबणाऱ्या रसाचा वास यायचा, थोडा पावाच्या पिठासारखा, थोडा फुलांचा. मला टेबल दिलं होतं ते टाक्यांच्या शेजारच्या खोलीत. तिथे मी बारा दिवस बसून फायली वाचल्या. माझ्या नोंदवहीच्या पानांना अजून तो वास आहे, असं मला कधीकधी वाटतं.

चहा घेऊन शालनकाकू यायच्या, भाऊंच्या पत्नी. कमी बोलायच्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःहून एक बाटली आणून माझ्यासमोर ठेवली. लेबलवर पेन्सिलीने लिहिल्यासारखं एकच नाव होतं, थोडं वाकडं, अक्षरांवरची रेघ वर चढत गेलेली: रेणू. भाऊंची सगळ्यात जास्त खपणारी वाइन तीच.

"तिचंच अक्षर हाय," काकू म्हणाल्या. "दुसरीतल्या वहीचं."

रेणुका त्यांची एकुलती एक मुलगी. नऊ वर्षांची असताना डेंग्यूने चार दिवसांत गेली. पहिली वाइन बाटलीत भरायची वेळ आली तेव्हा भाऊंनी तिच्या वहीचं पहिलं पान काढलं आणि छापखान्यात नेऊन दिलं. "दुकानात मांडलेली दिसली की बरं वाटतं," काकू म्हणाल्या. "कुठं कुठं जाते. गोव्याला गेली, दिल्लीला गेली."

मी "हो" म्हटलं आणि चहा प्यायले. चहा चांगला होता.

नवव्या दिवशी मला ते सापडलं. भाऊंच्या कंपनीच्या मालकीच्या सगळ्या नावांची आणि चिन्हांची यादी विकणाऱ्याने दिलेली होती. त्यात 'रेणू' नव्हतं. मी नोंदणीचे कागद मागवले. ते नाव, त्या अक्षरासकट, कंपनीच्या नावावर नव्हतंच. ते माधवराव निकम या व्यक्तीच्या नावावर होतं. कंपनी विकली गेली असती, टाक्या, यंत्रं, जमीन, सगळं गेलं असतं, आणि मुलीचं नाव भाऊंच्या घरी राहिलं असतं. त्यांच्या वकिलाने ते जाणूनबुजून बाजूला ठेवलं की नुसतं विसरला, हे मला आजही माहीत नाही. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. माझ्या लक्षात आल्यावर क्षणभर हात थांबला, असं लिहायला मला आवडेल. थांबला नाही. उलट अंगावर काटा आला, आनंदाने. सहा वर्षांत पहिल्यांदा मला असं काही सापडलं होतं जे दुसऱ्या कुणालाही सापडलं नसतं. मी खोलीबाहेर येऊन मेनन मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, "गुड." एवढ्यासाठी माणसं काय काय करतात.

नाव द्यायचं नसेल तर व्यवहार होणार नाही, असं विकत घेणाऱ्या कंपनीने कळवलं. भाऊंनी दोन दिवस मागितले. त्यांना मागे कुणी नव्हतं, दम लागायला लागला होता, आणि आपण बसलो की शेड बंद पडेल, वेचणाऱ्या बायका घरी जातील, ही धास्ती होती. विकायचं ते त्यासाठीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते टाक्यांमध्ये उभे होते. नळीत रस घेऊन उजेडाकडे धरला होता. मी तिथून चालले होते.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही नाशिकच्या ना? सिडकोतल्या?"

"हो."

"मग एक सांगा. मला त्या लोकांचं इंग्रजी नाय कळत, आणि माझा वकील निस्ती मान हलवतो. नाव दिलं तर हे लोक नीट सांभाळतील का? रेणू चालू राहील ना?"

माझ्या बॅगेत कंपनीची पुढच्या दोन वर्षांची योजना होती. तिच्यात एक ओळ होती: हे नाव हळूहळू बंद करायचं. ते त्यांना वापरायला नकोच होतं. ते दुसऱ्या कुणाच्या हाती राहू नये, एवढ्यासाठी हवं होतं. अशिलाची गुपितं फोडायची नाहीत, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. त्यामुळे मी सांगू शकत नव्हते, हे खरं. पण "मी दुसऱ्या बाजूची वकील आहे, मला विचारू नका" असं म्हणू शकत होते, हेही खरं.

मी म्हटलं, "एवढा आग्रह धरतायत, भाऊ, म्हणजे त्यांना त्याची किंमत आहेच ना."

यातला एक शब्दही खोटा नाही. मी ते वाक्य नंतर पुष्कळदा तपासून पाहिलं आहे.

भाऊंनी नळी हलवली, रस परत टाकीत सोडला. "लय बारीक वाचता तुम्ही," ते म्हणाले. "तुम्ही म्हणता म्हणजे असंल." संध्याकाळी त्यांनी होकार कळवला.

'रेणू' करारात परिशिष्ट चारमध्ये गेलं, अनुक्रमांक सातवर. सहाव्या क्रमांकावर बाटलीच्या बुचाचं डिझाइन होतं, आठव्यावर वेबसाइटचा पत्ता. आणि एका वाक्यात मी एक बदल केला, जो मला कुणी करायला सांगितला नव्हता. यापुढे निकम किंवा त्यांचे कुटुंबीय हे नाव किंवा त्यासारखं दिसणारं नाव कुठल्याही मद्यासाठी वापरणार नाहीत, इतकंच अपेक्षित होतं. मी 'मद्य' खोडून 'खाद्य किंवा पेय' केलं. एकही फट राहू नये म्हणून. आणि खरं सांगायचं तर, मला ते जमतं हे दिसावं म्हणून. मेनन मॅडमनी त्या तीन शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करून बाजूला बरोबरची खूण केली होती. तो कागद मी ठेवला आहे.

सहीच्या दिवशी काकूंनी सगळ्यांना पुरणपोळी वाढली. कंपनीच्या माणसांनी फोटो काढले. भाऊ प्रत्येक पानावर सही करत गेले. परिशिष्ट चारचं पान आलं तेव्हा मीच बोट ठेवून दाखवलं, इथे. त्यांनी चष्मा वर केला, पान जरा जवळ घेतलं, नाव वाचलं, सही केली.

त्या हंगामानंतर मीटिंगमध्ये लोक माझ्याकडे बघून बोलायला लागले. पुढच्या वर्षी बढती, त्यानंतर आणखी एक. कुठल्याही किचकट व्यवहारात मेनन मॅडम म्हणायच्या, हिला वाचू द्या, हिला वास येतो. पप्पांना मी चारचाकी घेऊन दिली. ते ती घेऊन फक्त मंडईत जातात.

माणूस एखाद्या धंद्यात मोठा होतो म्हणजे नेमकं काय होतं, याचा मी विचार करते. आपण शिकतो, हे खरं, पण कशाकशाला बधिर व्हायचं हेही शिकतो, आणि पगार बहुतेक दुसऱ्या शिक्षणाचाच वाढतो. पप्पांच्या कारखान्यात आवाजाने लोकांचे कान जायचे. त्यांचाही डावा कान गेला. पण कान गेला हे त्यांना कळलं तरी होतं.

दोन वर्षांनी 'रेणू' बंद झाली. शेड चालू राहिली, पण वेचणाऱ्या बायकांच्या जागी यंत्र आलं. मला हे एका अहवालाच्या तळटिपेत वाचायला मिळालं. मी पान उलटलं.

मग गेल्या वर्षीच्या जानेवारीत कंपनीकडून एक मेल आला, सोबत फोटो. महामार्गाच्या कडेला एक टेबल, त्यावर बेदाण्यांची पाकिटं, पाकिटांवर पेन्सिलीने लिहिल्यासारखं ते वाकडं नाव. शालनकाकूंनी गावातल्या बायकांचा बचत गट करून बेदाणे विकायला सुरुवात केली होती. कंपनीने विचारलं होतं, हे चालतं का? मी करार उघडला. खाद्य किंवा पेय. चालत नव्हतं.

नोटीस मीच लिहिली. आमच्या अशिलाच्या मालकीच्या नावाचा आपण बेकायदा वापर करत आहात. तो तात्काळ थांबवावा, सर्व पाकिटं नष्ट करावीत, तसं लेखी कळवावं. खाली माझी सही. असल्या नोटिशीवर ज्युनियरची सही चालली असती. मी केली, कारण करार माझा होता.

तीन आठवड्यांनी, रविवारी सकाळी, सिडकोतल्या घराची बेल वाजली. पप्पांनी दार उघडलं. बाहेर भाऊ उभे होते, हातात द्राक्षांची पेटी. पूर्वीपेक्षा अर्धे झालेले. पत्ता त्यांनी विचारत विचारत काढला होता. पप्पांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि आपण पलंगावर बसले.

मला वाटलं, शिव्या देतील. मी त्यासाठी सावरून बसले होते. भाऊंनी खिशातून नोटीस काढून माझ्यासमोर ठेवली.

"सही तुमचीच हाय ना?"

"हो, भाऊ."

"म्हणून तर आलो. घरात म्हणे, दुसऱ्या कुणाकडं जा. मी म्हटलं, नाय. हे ज्यांनी लिहिलं, त्यांनाच यातनं वाट ठाऊक असणार." ते जरा हसले. "तव्हा तुम्ही त्यांच्याकडून वाचलं. आता आमच्याकडून वाचा."

मी समजावून सांगितलं. ती कंपनी अजून आमची अशील आहे, एकाच वेळी दोन्ही बाजूंनी काम करता येत नाही, तसा नियमच आहे.

"असं का," ते म्हणाले. "मला वाटलं, वकील रिक्षावाल्यासारखा. एक उतरला की दुसरा बसला." मग नोटिशीकडे बघत, "म्हणजे ते अजून उतरलेच नाय."

"नाही, भाऊ."

"बरं. मग तुमच्यासारखं दुसरं कुणीतरी सांगा. इतकं तरी सांगता येतं ना?"

सांगता येत होतं. आणि मला दोन नावं आठवली.

पहिलं पुण्यातल्या एका वकील बाईंचं. त्यांनी करार हातात घेतला असता तर पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारला असता: हे नाव कंपनीने शेवटचं कधी वापरलं? कायद्यात तशी सोय आहे. एखादं नाव घेऊन वर्षानुवर्षं नुसतं कुलपात ठेवलं, तर ते नोंदीतून काढून टाका असा अर्ज करता येतो. नाव मोकळं झालं की माझं ते वाक्यही लंगडं पडलं असतं. कंपनीने 'रेणू' बंद करून पुरेशी वर्षं होऊन गेली होती. अशा वेळी वकिलाने अशिलाला आधीच सांगायचं असतं, नाव जिवंत ठेवायला थोड्या तरी बाटल्या बाजारात ठेवा म्हणून. मी सांगितलं नव्हतं. मी विसरले होते. त्या अख्ख्या व्यवहारात माझी एवढीच एक चूक होती, आणि ती अजून कुणी पाहिली नव्हती.

दुसरं नाव नाशिकमधल्याच एका वकिलांचं, वैद्यांचं. भले गृहस्थ. घटस्फोट आणि जमिनीचे दावे चालवतात. न्यायाधीशांसमोर हात जोडून बोलतात. त्यांना हा प्रश्न सुचला नसता.

"वैद्य म्हणून आहेत," मी म्हटलं. "जवळच आहेत, तुम्हाला हेलपाटे पडणार नाहीत. माणूस सज्जन आहे."

मी भाऊंना फोन नंबर लिहून दिला. त्यांनी कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला, काचेच्या नळीशेजारी. पप्पांच्या पाया पडायला वाकू लागले तेव्हा पप्पांनी त्यांना धरलं. दोघं जवळपास एकाच वयाचे होते.

ते गेल्यावर पप्पा म्हणाले, "मधेच थांबलीस."

"कधी?"

"नाव सांगायच्या आधी. तोंड उघडलंस, मिटलंस, आणि मग सांगितलंस." त्यांना एका कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे ते माणसाच्या तोंडाकडे बघतात. "आधी कोणाचं येणार होतं?"

"कोणाचं नाही, पप्पा. आठवत होते."

पप्पा उठले. पेटी उचलून स्वयंपाकघरात नेली. त्या दिवसापासून शेजाऱ्यांना माझ्या कामाबद्दल काही सांगताना मी त्यांना ऐकलेलं नाही.

त्याच दुपारी, त्याच खोलीत बसून, मी कंपनीला मेल लिहिला. 'रेणू' या नावाने थोडी का होईना, वाइन ताबडतोब बाजारात काढा. कमी प्रतीची असली तरी चालेल. त्यांनी तसं केलं. दुसऱ्या एका राज्यात, खालच्या फळीवरच्या गोड, स्वस्त वाइनवर ते लेबल लागलं. फट बुजली.

प्रकरण कोर्टात गेलं. वैद्यांनी तिथे मुलीची गोष्ट सांगितली, ती वहीही दाखवली. आमच्या बाजूने करार दाखवला, आणि निकाल आमच्यासारखा लागला. काकूंनी पाकिटं नष्ट केल्याचं आणि पुन्हा ते नाव न वापरण्याचं लिहून दिलं. त्या दिवशी मी दुसऱ्या शहरात होते, दुसऱ्या करारावर. संध्याकाळपर्यंत मेल आला, काम झालं. मी आभार मानून तो बाजूला टाकला. या एप्रिलपासून मी फर्ममध्ये भागीदार आहे. मेनन मॅडमनी पार्टीत सगळ्यांसमोर सांगितलं की ही मुलगी विंचूरच्या एका शेडमधून वर आली. लोक हसले. मी या वेळी बरोबर हसले.

परवा भाऊंचा फोन आला. मी पप्पांकडेच होते, गच्चीवर. खाली कुणीतरी द्राक्षं विकत ओरडत चाललं होतं.

"ताई, रागावला नाय ना? बऱ्याच दिवसांनी करतोय."

"नाही, भाऊ. बोला."

"काय नाय. हरलो ते तुम्हाला ठाऊकच. पण वकील तुम्ही चांगला दिला. लय जीव लावून बोलले वैद्यसाहेब. निकाल लागल्यावर त्यांच्याच डोळ्यांत पाणी." त्यांना दम लागत होता, ते मधे थांबले. "दुसरं सांगायचं होतं. आमचा भाचा तिकडं ट्रान्सपोर्टवर असतो. त्यानं फोटो पाठवला. दुकानात रेणू लागलीय. तेच अक्षर. शालनला दाखवला, तर तिनं मोबाइल हातातून सोडलाच नाय. म्हणे, पाकिटं गेली तर गेली. रेणू परत फिरायला लागली."

मी गच्चीच्या कठड्याला टेकले.

"मी तिला म्हटलं, त्या सिडकोच्या ताईनं घातला असंल शब्द. आपल्याकडून लढता आलं नाय, पण कंपनीला सांगितलं असंल, ते नाव चालू ठेवा म्हणून. तुम्हीच सांगितलं ना?"

खालचा ओरडणारा माणूस लांब गेला होता.

"हो, भाऊ," मी म्हटलं. "मीच सांगितलं."